कुलूप कोणी काढलं?

सोमवार, ४ मार्च
दाजींच्या फर्निचरच्या दुकानात आज महिना झाला. एका जागी, महिना! लोक म्हणतात माझ्या पायाला भिंगरी आहे. चूक. आधीच्या नोकऱ्यांच्या जागाच कोंदट होत्या. काम सोपं: खुर्च्या-टेबलांचे फोटो आणि मापं वेबसाइटवर चढवायची. शनिवारपर्यंत सगळी चढली तर दाजी कायम करणार. नाही चढली तर ताईची मान खाली, कारण नवऱ्याकडे शब्द तिनं टाकलाय.

आजही दहा ते सहा एकही व्हिडिओ नाही. ताईनं ब्राउझरमध्ये एक एक्स्टेन्शन टाकलंय. कामाच्या वेळात व्हिडिओची साइट उघडतच नाही, आणि पासवर्ड तिच्याकडे. मी त्याला कुलूप म्हणतो. पण ते नुसतं शोभेला. खरा निश्चय माझाच.

निघताना कोपऱ्यात ‘अपडेट करा’ असं लाल बटण दिसलं. दाबून टाकलं. कामं तुंबलेली मला आवडत नाहीत.

मंगळवार, ५ मार्च
विचित्र प्रकार. टेबलाचं लाकूड कुठलं ते बघावं म्हणून सहज व्हिडिओची साइट टाइप केली. उघडली! भर अकरा वाजता! कुलपाच्या जागी करडं चित्र आणि ‘हे आता चालणार नाही’ अशा अर्थाचं काहीतरी. पूर्ण वाचलं नाही. असलं बारीक अक्षर मुद्दाम घालतात.

कोणीतरी कुलूप काढलंय. पुरावा म्हणून साइट उघडीच ठेवली. दीपगृह सांभाळणाऱ्या एका म्हाताऱ्यावर मालिका आहे. पुराव्याच्या दृष्टीनं पहिले दोन भाग पाहिले.
खुर्च्या उद्या दुप्पट.

बुधवार
संशय चष्म्यावर, म्हणजे आमच्या चष्मेवाल्या कारकुनावर. तो बिलं करतो, माझ्या पाठीमागे बसतो आणि सारखी काच पुसतो. एवढं स्वच्छ काय बघायचंय याला? गोडीत विचारलं. म्हणाला, अरे बाबा, कुणी कशाला काढेल, ब्राउझर अपडेट झाला की जुनी एक्स्टेन्शनं मान टाकतात. त्याचं जाहिराती अडवणारंही गेलं म्हणे. कालपासून बिल उघडलं की बाजूला गुडघेदुखीचं तेल नाचतं. नवीन कुलूप टाकून घे, पाच मिनिटांचं काम, असंही वर.

इतकं तयार उत्तर! चोराच्या मनात चांदणं. आणि नवीन टाकलं की जुना पुरावा गेला. तेच हवंय त्याला. मी काय दूधखुळा आहे?

तीन भाग. पाळत ठेवायची तर स्क्रीन उघडी हवी.

गुरुवार
चहाच्या वेळी ताई डोकावली. काय रे, होतंय ना शनिवारपर्यंत, माझं नाक कापू नकोस, म्हणाली. मग जाता जाता, कुलूप ठीक आहे ना?

हे तिनं का विचारावं? पासवर्ड तिचा. म्हणजे सापळा! नवरा-बायको मिळून माझी परीक्षा घेताहेत. घरचेच घरभेदी. पण मी सापळ्यात पाय देणाऱ्यातला नाही. आजचे भाग आवाज बंद करून पाहिले.

शुक्रवार, सायंकाळ
आज चढलेल्या खुर्च्या: एक. फोटो आडवा चढला. गिऱ्हाइकाचा फोन, ही खुर्ची भिंतीला ठोकायची का? दाजींनी विचारलं, बाकीच्यांचं काय. मी म्हणालो, आधी गुन्हेगार सापडू द्या, मग खुर्च्यांचं बघू. दाजी ताईकडे बघत राहिले. ताई जमिनीकडे.

उद्या सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर उभं करतो. दूध का दूध.

शनिवार
चार वाजता चौकशी. दाजी, ताई, चष्मा माझ्या खुर्चीमागे उभे. मी थोडक्यात प्रास्ताविक केलं. दाजी म्हणाले, जावईबापू मी आहे की तू, आटप. मग मी सर्वांसमक्ष साइट उघडली. बघा, म्हटलं, माझ्या नकळत काय चाललंय!

साइटनं विचारलं, दीपगृहाचा नववा भाग पुढे बघायचा का.

तोंडातून निघून गेलं, नववा झालाय, दहावा राहिलाय.

चष्म्यानं काच पुसली. शेवटी ताईनं हळू विचारलं, अपडेटचं ते लाल बटण कुणी दाबलं होतं रे?

मी, म्हटलं. कामं तुंबलेली मला...

दाजी हसले असते तर बरं झालं असतं.

सोमवार, ११ मार्च
गोदामात बदली. खुर्च्या चढवायच्याच, पण ट्रकमध्ये. कॉम्प्युटर नाही. फोन ताईच्या पर्समध्ये. माझ्या जागी चष्मा बसतो. ताईनं शब्द टाकून मला एवढं तरी ठेवलंय असं तोच सांगत होता. दुपारी ती आली, पाण्याची बाटली ठेवली आणि गेली.

दहाव्या भागात दीपगृह बंद करतात का, कळलं नाही. चष्म्याला माहीत असणार. विचारलं नाही.

सहा वाजेपर्यंत एकही व्हिडिओ नाही. तेही कुलपाशिवाय. निश्चय म्हणतात तो हा.