एकही दिवस कोरा नाही

३ जुलै १९८७
नोकरी लागली. विद्यापीठाच्या हवामान केंद्रात, रत्नागिरीबाहेर कातळावर. सकाळी साडेआठला मापकातलं पावसाचं पाणी मोजायचं, आकडा रजिस्टरात लिहायचा, मग झाडलोट. ही रोजची वहीपण लिहायची, साहेबांचा हुकूम, माझं अक्षर सुधारेल म्हणे. चौथी शिकलेल्या बाईला आणखी काय हवं. मांडवीची भाड्याची खोली सोडली, क्वार्टर मिळालं. तीन महिने नीट काम केलं की पर्मनंट.

७ जुलै
शिपाई लवू मला मापवाली बाय म्हणतो आणि चहाला बोलवत नाही. मरो. साहेब केंद्राचा पंचवीस वर्षांचा इतिहास लिहितायत. पहिलं वाक्य वाचून दाखवलं, नोंदीत एकही दिवस कोरा नाही. कळलं का, म्हणून दोनदा विचारलं. बहिरी नाही मी.

१२ जुलै
वाऱ्याने उभं राहवेना. मापकाकडे गेलेच नाही. लवू म्हणाला, अंदाजे ठोक, सगळ्यांनी ठोकलंय. ४१ मिलिमीटर ठोकले.

१३ जुलै
जुनी रजिस्टरं ठेवतात त्या खोलीत पाणी. छत कोरडं, भिंती कोरड्या, खिडकी नाही. पट्टी बुडवली. एक्केचाळीस. उपसलं, तर परत तेवढंच.

१५ जुलै
लवूला विचारलं. हसला. म्हणाला, माझ्या आधीचा शिपाई सखाराम त्याच खोलीत मेला, फरशी सुकी आणि डॉक्टर म्हणतो बुडून. त्या दिवशी साहेब बाहेर बसून एका फाटक्या रजिस्टराचे कोरे दिवस भरत होते. इतिहासात लिहिलंय, सखाराम सेवानिवृत्त.

१६ जुलै
४१ खोडले. पुढे लिहिलं, बघितलं नाही. खोलीतलं पाणी गेलं. एक थेंब नाही.

१७ जुलै
साहेबांनी खाडाखोड बघितली. रजिस्टर अंगावर फेकलं. पर्मनंट विसर म्हणाले. पाण्याचं सांगितलं, तर लवूला म्हणाले, हिला भूत लागलंय. १९७१चा अख्खा पावसाळा वाळवीने खाल्लाय, तो उद्या भरणार आहेत. अंदाजे. भरू नका म्हणून हात जोडले मी. आयुष्यात पहिल्यांदा.

१८ जुलै, सकाळी दहा
मला रजिस्टरं लावायला खोलीत घातलं. बाहेरून कडी. काम झाल्याशिवाय सोडू नको, असं लवूला बजावलं. भिंतीपलीकडे साहेब आकडे सांगतायत, लवू लिहितोय.
पायाखाली ओलं.

साडेदहा
पोटऱ्या बुडाल्या. दार बडवलं. लवू म्हणतो, गप राहा गो बाय, चुकतंय माझं.

जून संपला — आठशे म्हणाले. मांडीपर्यंत. ओरडले, सखाराम असाच मेला. साहेब थांबले. मग लवूला म्हणाले, पुढचा घे.

रॅकच्या वरच्या फळीवर बसलेय. रजिस्टरं तरंगतायत. जुलै — हजारावर —

डोकं छताला. वही वर धरलीय. लवू विचारतो, ऑगस्टला किती घालू. साहेब म्हणतात, घाल सातशे, कोरा नको ठे