फाळक्यावरची गर्दी

एल्डर फोर्क, नेब्रास्का
फेब्रुवारीचा दुसरा रविवार

प्रिय रॉस,

फोनवरचे माझे निरोप तू वाचतोस आणि उत्तर देत नाहीस, म्हणून हे पत्र. कागद हातात पडला की माणूस निदान फोडून तरी बघतो. पत्ता आईने दिला. तू तिकडे ओरेगनमध्ये बोटी रंगवतोस, दाढी वाढवली आहेस आणि थंडीत मोजे घालत नाहीस, एवढं तिच्याकडून कळलं. म्हणजे तिचे फोन उचलतोस, फक्त माझे नाही. असू दे, मी रुसून बसलेली नाही. घरी ये, राग सोड, बाबा थकले, असलं काही मी लिहिणार नाही, कारण बाबा थकलेले नाहीत आणि माझ्या सांगण्यावरून तू जन्मात काही केलेलं नाहीस. मला तुला बास्केटबॉलबद्दल सांगायचंय. ते तरी ऐकशील.

गेल्या वर्षी हंगाम संपल्या संपल्या कॉलेजच्या अध्यक्षा ऑडलँडबाईंनी बाबांना बोलावून घेतलं. संघ हरतो याचं त्यांना काही नव्हतं, आपला सारस संघ कधी फार जिंकला आहे? त्यांचं म्हणणं एवढंच की हॉलमधली मुलांची बाकं कायम रिकामी असतात आणि जो खेळ आपलीच मुलं बघत नाहीत तो चालवायचा कशाला. पुढचा एक हंगाम दिला. बाकं भरली तर ठीक, नाहीतर संघ बंद, आणि संघाबरोबर बाबांची कोचची नोकरीही. बाबांनी हे आम्हाला जेवताना सांगितलं, उद्या वारा सुटणार आहे असं सांगावं तसं, आणि बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. मी मात्र पेटले. तू खेळायचास तेव्हा त्या बाकांवर कोण असायचं ते आठव. मी, आई, आणि हॉल गरम असतो म्हणून पुस्तकं घेऊन येणारे दोघे-तिघे. तुझ्या शेवटच्या वर्षी तू अर्ध्या मैदानावरून चेंडू टाकलास नि तो आत गेला, तेव्हा त्यातल्या एकाने मान वर करून विचारलं होतं, काय झालं.

फुटबॉलला बघ, सगळं कॉलेज सकाळपासून वाहनतळावर. पिकअपचे मागचे फाळके खाली पाडायचे, शेगड्या पेटवायच्या, खायचं, गाणी लावायची, मग सगळ्यांनी मिळून सामन्याला जायचं. मी म्हटलं, हेच बास्केटबॉलला का नको? ज्याला विचारलं त्याने एकच उत्तर दिलं: कारण तो हिवाळ्यात असतो, बाई. उणे तापमानात उघड्यावर उभं राहून कोण जेवतं? बाबांच्या सहायकानेही माझ्याकडे अशी कीव करून बघितलं की दोन द्याव्याशा वाटल्या. एकटा मॉन्टी प्रुइट हो म्हणाला. तो तुझ्यानंतर आला, तू त्याला ओळखत नाहीस. शेतकी शिकतो, दारातून आडवा होऊन आत येतो एवढा मोठा, आणि त्याच्याकडे आजोबांची जुनी पिकअप आहे. तो हो म्हणाला तेही खेळासाठी नव्हे, त्याला लोकांना खायला घालायला आवडतं म्हणून.

पहिल्या सामन्याला आम्ही हॉलच्या मागे फाळका पाडला आणि भलंमोठं पातेलं भरून राजमा-खिम्याची चिली चढवली. वारा असा की शेगडी सारखी विझायची, आणि चिलीवर चरबी गोठून साय धरली. जेवायला कोण आलं? मॉन्टीच्या खोलीत राहणारा पोरगा आणि एक कुत्रा. कुत्रा सामन्यालाही आला, पोरगा आला नाही.

पण मॉन्टीने पुढच्या वेळी डोकं लढवलं. पाहुण्या संघाबरोबर त्यांच्या कॉलेजची पोरं बस भरून आली होती. तो पातेलं उचलून थेट बसच्या दारात गेला आणि त्यांना आधी वाढलं. आपली मुलं वसतिगृहाच्या खिडक्यांतून बघत होती. परक्यांना फुकट चिली मिळते आणि आपण वर बिस्किटं चघळतोय, हे कोणाला सहन होतंय? आली सगळी खाली. तेव्हापासून तो रिवाजच झाला, पहिली वाटी पाहुण्यांना. पुढे प्रत्येक वसतिगृह आपापली पिकअप नि आपापलं पातेलं घेऊन यायला लागलं. उत्तरेकडच्या वसतिगृहाने हरणाचं मांस घातलं, मुलींच्या वसतिगृहाने पांढरा राजमा घातला, त्यावर कोणीतरी म्हणालं ही चिली नव्हे, हे आजाऱ्याचं सूप आहे, आणि जुंपली. भांडणं लागली की समजायचं, माणसं जमली.

आणि मग आम्ही जो गाढवपणा केला, तो दुसऱ्या कोणाला सुचणारही नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या सामन्याला वाहनतळ फुलून गेला होता. पोरांनी खोल्यांतले सोफे पिकअपमध्ये चढवून आणले होते, पिंपांत लाकडं पेटवली होती, उड्या, नाच, सगळं. मी आणि मॉन्टी एकमेकांची पाठ थोपटत होतो. कोणी घड्याळाकडे बघितलंच नाही. आत चेंडू उडाला, सामना सुरू झाला आणि बाकांवर चिटपाखरू नाही. बाबांना भिंतीपलीकडून आमचा जल्लोष ऐकू येत होता, म्हणे, आणि समोर तीच रिकामी बाकं. नेमक्या त्या दिवशी ऑडलँडबाई सामन्याला आल्या होत्या. मध्यंतरात त्या बाहेर आल्या, एक वाटी शांतपणे संपवली आणि मला म्हणाल्या, "हॅटी, जेवण उत्तम आहे. पण मी खानावळ चालवत नाही, कॉलेज चालवते." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

यावर तोड काढली ती मीच, आणि तिचा मला गर्व आहे, तू हस हवं तर. तुमच्याकडे चिली नुसतीच खातात, असं ऐकलंय. इथे दालचिनीचा रोल नसेल तर तिला कोणी जेवण म्हणत नाही. शाळेच्या डब्यापासून जिभेला सवय आपल्या. मग मी ठरवलं, चिली बाहेर, रोल आत. हॉलच्या दारामागे आई ताटं घेऊन उभी राहिली, आणि चेंडू उडाला की ताटं झाकायची, उशिरा येईल त्याला रोल नाही. पुढच्या सामन्याला पोरं चिली गिळून अशी धावली की दरवाजा मोडायची वेळ आली. हातात रोल असला की माणूस बसतो, बसला की बघतो, बघायला लागला की कधीतरी ओरडतोच. मी बॅन्डकडून एक ढोल मागून घेतला आणि तीन ठोक्यांची आरोळी शिकवली. नाताळच्या सुट्टीपर्यंत मुलांना उभं राहायला जागा उरेना. सुट्टीनंतर ऑडलँडबाईंनी जाहीर केलं, संघ राहणार. आई गाडीत बसून रडली. बाबा म्हणाले, बरं झालं, आणि सरावाला गेले. कोचबद्दल बाई काही बोलल्या नव्हत्या, पण तेव्हा ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता पुढचं ऐक. जानेवारीत सारस हरायला लागले. पूर्वीही हरायचे, पण पूर्वी कोण बघत होतं? आता पोरांना खेळ कळायला लागला होता. ज्यांना नोव्हेंबरमध्ये फाउल म्हणजे काय ते मी समजावलं, ती माझ्याच फाळक्यावर बसून, माझीच चिली खात, व्हर्न कुबिचेक कसा जुन्या चालीचा आहे, खेळाडू कसे उशिरा बदलतो, यावर अक्कल पाजळायची. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे. मी वाढत राहिले. मी त्याची मुलगी आहे हे माहीत असूनही कोणी आवाज खाली करत नव्हतं, आणि खरं सांगू, त्यात वाईट हेतूही नव्हता. मग डनमोर कॉलेजचा सामना आला. आपण खूप पुढे होतो आणि शेवटी शेवटी सगळं घालवलं. डाव्या कोपऱ्यातून कोणीतरी सुरू केलं, माझ्याच तीन ठोक्यांवर: व्हर्न, घरी जा. बघता बघता सगळी बाकं ओरडायला लागली. मी ढोल थांबवला. त्यांना काही फरक पडला नाही. मी इतकं चांगलं शिकवलं होतं की आता ढोलाची गरजच नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाबा मैदानाकडे तोंड करून उभे होते, तसेच राहिले.

मी त्यांच्या आधी घरी पोचले आणि स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. ते आले, बूट काढले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "इतकी वर्षं मी चुकलो तरी कोणाला कळत नव्हतं, हॅटी. आज कळलं. पोरं बघायला लागली." वर म्हणाले, त्यांचं काही चुकलं नाही, बचावाची रचना आधीच बदलायला हवी होती. मला वाटलं, माझं मन राखायला बोलताहेत. नाही रे. माणूस खरोखर खूश होता. दोन दिवसांनी त्यांनी राजीनामा दिला, हा हंगाम संपवून निघायचं असा. कोणी मागितला नव्हता, पण ऑडलँडबाईंनी नकोही म्हटलं नाही. संघ राहिला ना, मग झालं, असं ते आईला म्हणाले. नवा कोच येईल त्याला भरलेली बाकं मिळतील, मला मिळाली तशी रिकामी नाही.

मी मॉन्टीला सांगून टाकलं की माझ्याच्याने हे आता होणार नाही, गेलं ते पातेलं खड्ड्यात. तू तरी ओरडला नाहीस ना, असं मी त्याला विचारलं. तो खोटं बोलत नाही ही त्याची खोड. म्हणाला, "ओरडलो. तूच मला खेळ बघायला शिकवलंस." मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. शेवटी बाबांनीच विचारलं की पुढच्या सामन्याला रोल कोण आणणार आहे, आणि मला लाज वाटली. गेले परत.

या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आहे, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा निरोप. तुला काय सांगायचं ते. आई एका बाजूला, बाप दुसऱ्या बाजूला, मुलगा मधून चालत मैदानाच्या मध्यावर जातो, आणि तिथे कोच हात मिळवायला उभा असतो. पोरांनी ऑडलँडबाईंकडे जाऊन हट्ट धरला की यंदा व्हर्नलाही तसंच चालवत न्यायचं, घरच्यांनी दोन्ही बाजूंनी. हीच पोरं, ज्यांनी घरी जा म्हटलं. पश्चात्ताप वगैरे काही नाही त्यांना. मी विचारलं तर म्हणतात, कोच वाईट आहे, पण आपला आहे. मॉन्टी त्या दिवशी हरणाची चिली करणार आहे, कारण बाबांना ती आवडते हे त्याने आईकडून काढून घेतलं.

आता जे आपल्या घरात आजवर कोणी बोललं नाही ते बोलते. दोन वर्षांपूर्वी तुझ्या निरोपाला तुझ्या एकाच बाजूला आई होती. बाबा कोचचं जाकीट घालून मध्यावर उभे होते, आणि तू पोचलास तेव्हा त्यांनी बाकीच्यांशी मिळवला तसाच तुझ्याशी हात मिळवला. मी बाकावरून बघत होते. मला शेवटपर्यंत वाटत होतं की ते आता जागा सोडतील, येतील तुझ्याकडे, त्या रिकाम्या हॉलमध्ये कोण बघणार होतं? नाही आले. तू सामना खेळलास, आणि दुसऱ्या दिवशी तुझी खोली मोकळी होती. तुझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

काल मी बाबांना विचारलं, एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला कोण? मी माझंच नाव धरून चालले होते. ते म्हणाले, "कोणी नको. रॉस एका बाजूने उघडा चालला होता. मीही चालेन." आणि गाडीवरचा बर्फ खरवडायला बाहेर गेले. गाडीवर बर्फ नव्हता. म्हणून हे पत्र, रॉस. त्या बाजूला मी उभी राहणार नाही. ती जागा माझी नाही, आणि मी उभी राहिले तर ती भरली असं सगळ्यांना वाटेल. तू ये. त्यांचा हात धरायला नको, एक शब्द बोलायला नको, माफ तर मुळीच करायला नको. नुसता बाजूने मध्यापर्यंत चाल आणि हवं तर तिथूनच परत जा. नाही आलास तर ते तसेच चालतील, भरलेल्या हॉलसमोर, एक बाजू उघडी टाकून, आणि त्यांना वाटेल की आपल्याला हेच मिळायला हवं होतं. मला ते बघवणार नाही.

तुझीच,
कितीही गप्प बसलास तरी तुझा पिच्छा न सोडणारी,
हॅटी