शिक्का न मानणाऱ्या मुलास आणि माझ्या नातीस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सोफे व गाद्या शिवणे, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शुद्धीचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. वैतागाचा दाखला ते देत नाहीत, नाहीतर तोही जोडला असता.

१. दुकान व वरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टाच्या आहेत. त्या, शिलाईची दोन्ही मशीन आणि मोठी कात्री हे सगळं माझ्या नातीला मिळावं. त्या कात्रीने कागद कापू नये. हे तिच्या बापाला वीस वर्षे सांगून माझी जीभ झिजली.

२. माझा एकुलता एक मुलगा, धंद्याने वायरमन, यास मिळकतीतून काहीही देऊ नये. त्याच्या मते सरकार थाप, कायदा थाप, कोर्टही थाप. तेव्हा नोंदणी कचेरीचा शिक्का असलेला हा कागद तो मानणार नाही, आणि वाटा मात्र मागायला येईल. आधी त्याने ओळखपत्र जाळले, तेही माझ्या गॅसवर. मग गाडीची नंबरपाटी उपटली. डोक्यात वारं शिरलंय, निघेल, म्हणून मी गप्प बसले. ती चूक माझी.

३. सून वारल्यावर पोर बापाच्याच कलाने वाढली. दर रविवारी तो तिला एका गोदामात, त्याच्यासारख्याच सरकार न मानणाऱ्यांच्या बैठकीला न्यायचा. चौदाव्या वर्षी जेवता जेवता ती मला म्हणाली, "आजी, तू गुलाम आहेस." मी म्हटलं, "असेन. आधी ताट उचल."

तिला अठरा पूर्ण झाली आणि यांचं कर कचेरी पेटवायचं ठरलं. बाटल्या त्याने भरल्या, पिशवी तिच्या खांद्याला दिली. ती निघून गेल्यावर मला म्हणतो, "पोरीवर कुणी संशय घेत नाही, आई."

"अरे, आत माणसं असतात!"

"माणसं नाहीत, सरकारचे नोकर आहेत."

ती कचेरीच्या फाटकाशीच पकडली गेली. तीन वर्षे तुरुंगात काढली. हा दुसऱ्या गावी पळाला. भेटीला एकदाही गेला नाही. आत सोडायला ओळखपत्र मागतात म्हणे.

४. त्याने माझ्याकडे टाकलेली पत्रकांची तीन खोकी त्याला परत द्यावीत. उशीत भरायच्याही लायकीची नाहीत.

५. नातीस. समोरच्या कुलूपवाल्यांनी चुगली केली असं तुझ्या बापाने तुला तुरुंगात लिहिलं. सुटून आल्यापासून, दोन वर्षे, तू त्यांना पाहून तोंड फिरवतेस. त्या सकाळी पोलिसांना फोन मी केला. त्यांच्या दुकानातून केला, एवढाच त्यांचा दोष. ते म्हणाले, "ताई, पोर आत जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे. तिच्या हातून कुणी मरायला नको."

नंतर मीच त्यांना विनवलं, माझं नाव सांगू नका, तिला निदान आजी तरी राहू द्या. म्हणून पाच वर्षे ते तुझा राग मुकाट झेलतायत.

हे मी मेल्यावर वाचायचं नाही. एक प्रत वर तुझ्या टेबलावर ठेवली आहे. वाचून झालं की खाली ये. काय बोलायचं ते तोंडावर बोल. मी दुकानातच आहे.

लिहून देणार: आजी (सही)
साक्षीदार: १. समोरचे कुलूपवाले (सही) २. दाखला देणारे डॉक्टर (सही)
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार, सकाळ