बदकवेलीचं पहिलं फूल

शनिवार, १२ जुलै

सगळ्यांत आधी कोण टपकावं? शेजारची साइमीच! कुंपणापासूनच नाकाला एप्रन लावून आली. "लेम्पी, अगं तुझ्याकडं काय मेलंय?"

म्हटलं, मरतंय कशाला, जन्मलंय! ओढतच नेलं तिला सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, काचेच्या पडवीत. पाच हिवाळे काढले माझ्या बदकवेलीनं तिथं. बाहेर तळं गोठून दगड झालेलं, आणि ही बया सौनाच्या भिंतीला पाठ लावून शेकत बसायची. सगळे शनिवारी न्हायला भट्टी पेटवतात, मी हिच्यासाठी बुधवारीही पेटवते. आर्वोला सांगत नाही. मुलगा आहे माझा, लगेच बोलायला लागेल.

आज पहाटे फुललं — केवढं! माझ्या डोक्याच्या रुमालाएवढं. काळपट तांबडं, वर पांढरी नक्षी, मध्ये घशासारखं भोक. देवाला नक्की काय करायचं होतं कोण जाणे!

साइमी म्हणाली, "छान आहे. कच्च्या काळजासारखं दिसतंय. पण वास येतोय बाई." मग माझी मासळीची बरणी उघडून बघितली, तळघरात उतरली, केराची बादली उपडी केली. काही नाही. मला तर कसलाच वास आला नाही. दुसऱ्याच्या घरात खुसपटं काढायची खोडच आहे तिला. कॉफी मात्र दोन कप प्यायली!

नातीला, इंकेरीला फोन लावला. कुओपिओ शहरातल्या बागेत कामाला आहे, तिनंच दिलं हे रोप, बोटाएवढं होतं. उचलला नाही.

रविवार, १३ जुलै

साइमीनं गावच्या नर्सबाईला सांगितलं, नर्सबाईनं आर्वोला. दुपारी लेक हजर, सून हजर, नर्सबाई हजर! आणि आर्वोच्या खिशात तो कागद — शहरातल्या वृद्धाश्रमातल्या खोलीचा. हिवाळ्यात मी पायरीवरून घसरले तेव्हापासून घेऊन फिरतोय. "आई, घरात काही सडलं तरी तुला कळत नसेल, तर कसं व्हायचं?"

तिघांनी सगळं घर हुंगलं. पलंगाखालीसुद्धा! सुनेनं फुलालाही नाक लावलं. कुठं काही नाही. मग आर्वो दारात उभ्या साइमीवर घसरला, "मावशी, उगाच कुणाच्या आईची बदनामी करू नये."

साइमी लालबुंद. "काल येत होता रे, देवाशप्पथ!" माझ्याकडं बघितलं तिनं. मी म्हटलं, मला नाही बाई आला.

खरंच होतं ते. कागद परत खिशात गेला. जिंकले!

सोमवार, १४ जुलै

फूल कोमेजून लोंबतंय. साइमी कॉफीला आली नाही.

मंगळवार, १५ जुलै

इंकेरीचा फोन! फुलाचं ऐकून किंचाळलीच पोरगी, माझा कान अजून वाजतोय. मग विचारते, "आजी, वास कसा होता गं? पहिल्या दिवशी सडक्या मांसासारखा येतो ना, माश्यांना बोलवायला? दुसऱ्या दिवशी गायब!"

म्हटलं, हो हो, केवढा!

फोन ठेवला. कॉफीचा डबा उघडून नाक आत खुपसलं. काही नाही. साबण, धुरी दिलेला मासा — काही नाही. ईस्टरला सर्दी झाली होती. तेव्हापासून का?

कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की तो कागद बाहेर आलाच.

गुरुवार, १७ जुलै

टपालपेटीपाशी साइमी दिसली. तिनं तोंड फिरवलं.

शनिवार, १९ जुलै

सौना तापवली नि स्वतः गेले तिच्या दारात. न्हायला बोलावलं तर आमच्यात नाही म्हणत नाहीत, भांडण असलं तरी. आली. दोघी वरच्या फळीवर, अंगावर चिंधी नाही. सौनात चर्चमधल्यासारखं वागायचं, खोटं बोलायचं नाही — आईनं शिकवलेलं. आठवडाभर गिळलेलं तिथं तोंडातून निघालंच. "वास त्या फुलाचा होता. मला वासच येत नाही, साइमी."

तिनं तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं. "हे आर्वोसाठी." मग आणखी दोन डाव. "नि हे तुझ्यासाठी!" वाफेनं भाजून मी खालच्या फळीवर पळाले. वरून हसण्याचा आवाज! "म्हणजे जूनभर ते करपलेले वेलचीचे पाव — मला कौतुकानं वाढत होतीस!"

"मग खाल्लेस कशाला?"

"मला वाटलं, तुझं डोकं गेलं. तोंडावर सांगायचं कसं?"

पोट दुखेस्तोवर हसलो. निघताना मात्र म्हणाली, "आर्वोला तूच सांगायचंस."

रविवार, २० जुलै

सांगितलं. फोनवर सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग, "आई, एकटी असतेस. भट्टी पेटवतेस. घरात धूर झाला नि कळला नाही, तर?"

 बरोबरच आहे त्याचं. काल रात्रीपासून मलाही तेच दिसतंय.

साइमी शेजारीच बसली होती. फोन हिसकावलाच माझ्याकडून. "आर्वो, आधी माझी माफी माग." मागितली त्यानं! मग मलाच बाहेर घालवलं, माझ्याच घरातून! वेलीला पाणी घालून आले, वाळकी पानं खुडून आले, तरी बोलतच होती.

सोमवार, २१ जुलै

आर्वो नि सून २ ऑगस्टला परत येणार, शनिवारी, टेम्पो घेऊन. साइमीचा पलंग माझ्याकडं आणायचाय. तिचं मांजरही येतंय.