आईने भरून दिलेला डबा

सौ. वहिनींना नमस्कार. ('सौ.' अजून लागू आहे. वकिलाकडे कागद तयार आहेत, दादाची सही झालेली नाही.) झालं ते असं:

१. तुमच्या चोवीस तासांच्या लघवीचा डबा आईने आमच्या प्रयोगशाळेत आणून दिला.
२. त्यात पाळी गेलेल्या बाईइतकी संप्रेरकं निघाली.
३. डॉक्टर म्हणाले, मूल होणं अवघड आहे. दादा तुम्हाला माहेरी सोडून आला.
४. त्या डब्यात तुम्ही एकट्या नव्हतात.

तब्येत कशी आहे हे विचारायचा आमच्या घराला सध्या अधिकार नाही, म्हणून पुढचं सांगते.

काल वाढता वाढता आई म्हणाली, "एवढासा तो नमुना! लोक म्हणाले असते, सुनेला पाणीसुद्धा देत नाहीत. मी माझं घालून डबा काठोकाठ भरून दिला." (आपल्या घरातून कुणाकडे अर्धा डबा गेलेला तिला कधी सोसलेला नाही, हे तुम्ही जाणताच.) मी म्हटलं, "आई, तू चौसष्ट वर्षांची आहेस." "मग? घरचंच आहे, परक्याचं का घातलं?" यावर विज्ञानाकडे उत्तर नाही. त्या वयात बीजकोष थकलेले असतात, मेंदू त्यांना उठवायला संप्रेरक सोडत राहतो आणि ते लघवीत उतरतं. आज मी क्रिएटिनिनचा आकडा पाहिला. ते स्नायूंतून रोज साधारण ठरावीकच निघतं, आणि डब्यातलं तुमच्या पंचेचाळीस किलोंना झेपणारं नव्हतं. (डबा घरचा म्हणून मी तो सहकाऱ्याकडे सोपवला होता. त्याने हे पडताळलं नाही.) यंत्राचा दोष नाही. त्याने आईला तपासलं, आणि आई वयाच्या मानाने उत्तम आहे. तिला अजून वाटतं, तिने तुमची लाज राखली.

नवा नमुना द्यायचा असेल तर स्वतः आणून माझ्या हातात द्या. डबा अर्धा असला तरी चालेल.

तुमची नणंद

ता. क. दादाची तपासणी मी सुरुवातीलाच सुचवली होती. "माझ्यात काय बिघडलंय?" म्हणाला. तेच तपासतात, असं मी सांगितलं. तो जेवायला बसला.

आणखी एक. जुना रिपोर्ट मी रद्द करून घेतला आहे, चुकीचा ठेवता येत नाही. दुरुस्तीचं पत्र तुमच्याच नावे येईल. घरी मात्र कुणाला बोललेले नाही. सांगितलं तर सगळे तुम्हाला न्यायला येतील. नाही सांगितलं तर दादा सोमवारी सही करील. सांगू की नको, ते शुक्रवारपर्यंत कळवा.