‘राहा’ म्हणणारा माणूस हुबळीला

मल्लेश्वरम, बंगळूर
जून १९९८

प्रिय खंडोजीराव यांस,

बिंदुमाधवाचा मल्लेश्वरमहून कडकडून नमस्कार. तुम्ही हुबळीला सुखरूप पोहोचल्याचे कळले. गुडघा कसा आहे? मुलीची तब्येत, नातवाचे रडणे, जावयांचे न बोलणे, सगळे सविस्तर कळवावे. सौ. कावेरीने डिंकाचे लाडू पाठवले आहेत. ते बाळंतिणीसाठी आहेत, हे तुम्हाला मुद्दाम कळवायला तिने सांगितले आहे. इकडे सर्व क्षेम. (नाही. पण पत्राच्या सुरुवातीला असेच लिहायचे असते.)

आजोबा झाल्याबद्दल तुमचे अभिनंदन करतो, पण आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेच्या तोंडावर आजोबा व्हायचे तुम्हाला काय अडले होते? आपली रीत तुम्हाला मी सांगायला नको, तरी सांगतो, कारण रागात सांगायला बरे वाटते. अहवाल वाचून झाला की मी चष्मा काढतो, प्रकृतीच्या कारणास्तव सेक्रेटरीपदाचा राजीनामा टेबलावर ठेवतो आणि जड होऊन खुर्चीत बसतो. मग तुम्ही मागच्या रांगेतून उठता आणि म्हणता, “अण्णा, तुम्ही राहा. तुम्ही नसाल तर मंडळ कसलं?” टाळ्या पडतात, मी नाइलाजाने कागद खिशात घालतो आणि केसरीबात, म्हणजे इकडचा केशरी शिरा, येतो. कागदही दरवर्षी तोच. (घडीवर फाटू लागला होता, म्हणून मागच्या वर्षी त्याला चिकटपट्टी लावून घेतली.)

यंदाही ठेवला. पंखा फिरत होता. मी तुमच्या खुर्चीकडे पाहिले, तर तिच्यावर कुणाची तरी छत्री विराजमान. कुणी खोकले, मला वाटले आता उठतील, पण तो नुसताच खोकला होता. शेवटी आपले खजिनदार कृष्णमूर्ती माझी अडचण ओळखून उठले. त्यांचा हेतू चांगला, सभेला जरा धक्का द्यावा एवढाच. म्हणाले, “अण्णा जाणार असतील तर मला पण खजिना नको.” सभा हादरेल असे आम्हा दोघांनाही वाटले. ती हादरली नाही, नीलाताई तेवढ्या हादरल्या. नाटक मग कुणाच्या जिवावर बसवायचे, म्हणत त्यांनीही राजीनामा दिला. त्यांनी दिल्यावर ग्रंथालयाचे विठोजी कसे मागे राहतील? त्यांनी कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली. (ही किल्ली त्यांनी स्वतःच्या बायकोलाही कधी दिली नव्हती.) प्रत्येक जण उठताना इकडे तिकडे पाहत होता, हे मी पाहिले. आपल्याला कुणी तरी थांबवील असे प्रत्येकालाच वाटत होते. राहता राहिला तो नागपूरचा प्रणीत, कॉम्प्युटर कंपनीतला, पाडव्यापासून समितीत आलेला. वर्षअखेरीला असेच करायचे असते, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली. तो म्हणाला, “सर, फॉरमॅट द्या ना, मी पण टाइप करून आणतो.”

अशा रीतीने आपल्या वडिलांनी उभे केलेले मंडळ चहा थंड व्हायच्या आत बरखास्त झाले. राजीनामे मंजूर करायलाही कुणी उरले नाही. केसरीबात सर्वांनी खाली मान घालून खाल्ला, पण पुन्हा मागून घेतला. हॉल ज्यांचा आहे त्या ट्रस्टने विचारले आहे, की महिनाअखेरपर्यंत तुमची समिती झाली नाही तर हॉल शिवणक्लासला द्यायचा का? पुस्तकांचे कपाट आणि हार्मोनियम कुठे न्यायचे, हे त्यांनी विचारलेले नाही. मला फार वाईट वाटले, खंडोजीराव. घरी येऊन मी जेवलो नाही. (भूक नव्हती. केसरीबात मीही दोनदा घेतला होता.)

माझे तोंड पाहून आसावरी मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. आसावरी म्हणजे पुण्याची माझी भाची, आमच्या माडीवर राहून पीएच.डी. करते ती. तुम्ही तिला नेहमी ‘डॉक्टरीणबाई, गुडघा बघा’ म्हणता आणि ती नेहमी चिडते. तिचा विषय पेशींचे मरण. चांगल्या घरची मुलगी, पण दिवसभर पेशी मरताना बघत बसते. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि एक काळी वाकडी रेघ पाहून थक्क झालो. ती माझीच पापणी निघाली. मग खऱ्या पेशी दिसल्या. एक पेशी अंग चोरून बसली होती, तिच्यावर बुडबुडे येत होते, उप्पीट शिजताना येतात तसे. आसावरी म्हणाली, ही मरते आहे, आणि स्वतःहून.

तिने सांगितले ते मला समजले तसे लिहितो. प्रत्येक पेशीत कास्पेज नावाची एंझाइमे असतात. ही मूळची कातरीच, पण म्यानात झोपलेली. मरणाचा इशारा आला की त्यातली एक कातरी जागी होते. ती दुसऱ्यांची म्याने कापते, त्या जाग्या होऊन आणखी कितींची कापतात, आणि बघता बघता सगळ्या कातऱ्या पेशीच्या तुळया, वासे, सगळे कापत सुटतात. एकदा हे पुरते पसरले की मागे फिरणे कठीण. मी ओरडलोच, अगं, ही तर आमची वार्षिक सभा! पहिली कातरी मी, म्यान कापून घेतले कृष्णमूर्तींनी, मग नीलाताई, आणि शेवटी तो फॉरमॅट मागणारा. आसावरी हसली नाही. (शास्त्रज्ञ मंडळी योग्य जागी हसत नाहीत.) ती म्हणाली, या कातऱ्यांवर बसून त्यांना दाबून ठेवणारी प्रथिनेही असतात. मी म्हटले, आमचे ते प्रथिन बारशाला हुबळीला गेले आहे.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मला झोंबली. जखमेने पेशी मेली तर ती फुटते, आजूबाजूला सूज येते, बोभाटा होतो. ही मात्र स्वतःच्या पुड्या बांधते, शेजारणी त्या गिळून टाकतात, आणि सूज म्हणून येत नाही. आपली बोटे सुटी झाली तीसुद्धा पोटात असताना मधल्या पेशी अशा गुपचूप गेल्या म्हणून. फार उदात्त आहे. पण मी गेल्यावर निदान मल्लेश्वरमला तरी थोडी सूज यावी, एवढी माझी माफक अपेक्षा होती. मी विचारले, या बिचाऱ्यांना तू मारलेस कशाने, विषाने? ती म्हणाली, “नाही हो मामा. पेशीला बाहेरून सारखा निरोप लागतो, राहा म्हणून. मी तो फक्त बंद केला.” येताना ऑटोत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. ऑटोवाल्याला वाटले आम्ही भांडलो आहोत, त्याने मीटरपेक्षा जास्त मागितलेच नाहीत.

असो. कन्येस आशीर्वाद, नातवाच्या दोन्ही गालांचा पापा. जावई बोललेच तर नमस्कार सांगावा.

तुमचा,
बिंदुमाधव

ता. क. पत्राचे खरे कारण लिहायचे राहिले. मिळेल त्या गाडीने निघा. मी पुन्हा सभा बोलावतो. तुम्ही मागच्या रांगेतून उठून ते वाक्य म्हणा, बाकीचे आपोआप मागे येतील. गुडघा दुखत असेल तर बसून म्हटले तरी चालेल.

ता. क. २. पाकीट चिकटवायचे होते, तेवढ्यात आसावरीने पत्र वाचले. म्हणाली, मामा, हा निरोप कुणी एकच देत नाही, शेजारची कुठलीही पेशी देते, आणि तुम्ही कुणाला दिलात? मी चप्पल घालून निघालो. कृष्णमूर्तींच्या दारात उभा राहून म्हटले, “तुम्ही राहा.” त्यांचे डोळे भरून आले हो! म्हणाले, “अण्णा, इतकी वर्षं शेजारी बसतोय, स्वल्प आधी म्हटलं असतंत.” मग नीलाताईंकडे गेलो, त्यांनी दारातच नाटक ठरवले. विठोजींनी मी पुरते बोलायच्या आत किल्लीसाठी हात पुढे केला. प्रणीतने विचारले, राहण्याचा फॉरमॅट असतो का? ट्रस्टला कळवले, शिवणक्लास टळला. मंडळ जगले, खंडोजीराव!

ता. क. ३. आज पुऱ्या समितीची सभा झाली. आता मंजुरी देणारे जागेवर असल्यामुळे पहिलाच ठराव माझा राजीनामा मंजूर करण्याचा झाला. कृष्णमूर्ती म्हणाले, “तब्येत बरी नसताना दरवर्षी तुम्हाला जबरदस्तीनं ठेवत होतो. पाप लागेल आम्हाला, सरी ना, बरोबर ना?” फार प्रेमाने म्हणाले. मला शाल मिळाली, केसरीबातात काजू जास्त होते. नवे सेक्रेटरी कृष्णमूर्तीच. पुढचा विषय नाटकाचा होता, आणि लगेच भांडण सुरू झाले. सूज कुठेही दिसली नाही.

ता. क. ४. तरीही या. सभेत नको, आमच्या घरी. कावेरी कॉफी करील. मी माझ्या खुर्चीत बसेन, तुम्ही दाराजवळ उभे राहून ते वाक्य एकदा म्हणा. उपयोग काही होणार नाही. मला फक्त ऐकायचे आहे.