सोमवारपासून येणारी

केयूर,

आया सेंटरचा फोन आला होता. पैसे पोचले नाहीत म्हणून सोमवारपासून त्यांनी आईंना सांभाळणाऱ्या संध्यादींना पाठवलंच नाहीये. तू तर "भरलेत गं" म्हणाला होतास. भांडत नाही रे. आईंचे आता मोजके दिवस, आणि घरच्या सेवेला विम्याचे पैसे मिळत नाहीत, हे तू एकट्यानंच गिळलंस, तेवढं लागलं.

पण आज गुरुवार. सकाळी आठला आपण दोघं बाहेर पडतो, मी पाचला नूपुरला पाळणाघरातून घेऊन येते. चारही दिवस आईंचं अंग पुसलेलं होतं, कूस बदललेली होती, पातेल्यातली पेज संपलेली होती. दरवान म्हणतो, त्याच्याकडे ठेवलेली किल्ली कुणी मागितलीच नाही. आज तर केसांची चौपेडी वेणी घातलेली होती. तशी वेणी संध्यादींना येत नाही, मलाही नाही.

विचारलं, "आई, कोण येतं हो?"

"पैशांचं विचारलं की नुसती हसते. तुम्ही पोरांनो, उगाच ओढाताण करू नका."

तरी नूपुरला कडेवर घेऊन निघालेय. पाटल्या मोडते आणि सेंटरवर पैसे भरून येते. उद्यापासून आईंजवळ आपल्या ओळखीचं माणूस हवं.

सातला दुखण्याचा पॅच बदल. त्यांना एकटं टाकून गेले म्हणून रागावू नकोस. "एकटी कुठंय मी?" असं त्याच म्हणाल्या.

आत जाताना दार वाजव.

यामिनी